पट्ट्याखालची बोटं
मिक्सरच्या तापलेल्या मोटारीचा वास आला की मला भवानी पेठेतली आमची शेजारीण आठवते. ती घरी मोटारीच्या पट्ट्याने फिरणाऱ्या चाकावर टॉवेलच्या सुताच्या कांड्या, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळलेल्या छोट्या नळ्या, भरायची. एका दुपारी मी तिच्याकडे बसले असताना वीज गेली, तेव्हा चाकात गुंतलेलं सूत काढायला तिने पट्ट्याखाली बोटं घातली. बटण मात्र चालूच होतं. वीज आल्याचं लगेच कळावं म्हणून पेठेत सगळ्याच ते तसं ठेवत. "अहो, आधी पिन काढा!" मी ओरडले. "लाईट कुटं हाय, बाई? तुमी लई भिता की!" ती हसली. मी वाकून भिंतीतली पिन ओढली आणि त्याच क्षणी डोक्यावरचा पंखा फिरू लागला. मोटार गप्पच राहिली. तिने बोटं हळूच बाहेर काढली, पदरात गुंडाळली आणि पंख्याकडे बघत बसली. बाळांनो, मिक्सर पुसताना मी पिन दुसऱ्या हातात धरते आणि तुम्ही व्हिडिओ कॉलवर हसता, ते यामुळे.