‘हरी खिडकी – भाग तीन’मधली बाई

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षं भुतं स्वतःच्या हाताने रंगवली – डोळ्यांत लाल, ओठांवर निळसर, दातांना पांढऱ्यात किंचित पिवळा – तो भुताला काय घाबरणार? या सदरात लोक लिंबू, वड, अमावास्या असलं लिहितात. माझ्याकडे यातलं काहीच नाही. शुक्रवारची सकाळ, साडेअकराचा शो आणि बाल्कनीत बसलेले दोन सभ्य गृहस्थ... एवढंच.

मी पेंटर. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा काळ. अमळनेरला स्टेशनकडून बाजारपेठेत येताना एक टॉकीज होतं. नाव लिहीत नाही, मालकांची नातवंडं आता प्रतिष्ठित आहेत. त्या टॉकीजचे बॅनर मी करायचो. कापड ताणून, खडूने चौकटी आखून, हातभर फोटोवरून बारा फुटी चेहरा. धुळे-जळगावचे पेंटर येऊन बघून जायचे, उगीच नाही सांगत.

मोठे सिनेमे तीन, सहा, नऊला. साडेअकराच्या मॉर्निंग शोला मात्र ‘फक्त प्रौढांसाठी’. त्यातले मला सगळ्यात प्रिय म्हणजे ‘भाग दोन’, ‘भाग तीन’वाले. खून, पाऊस, दुधी काचेचं बाथरूम आणि एक बंगला. पहिल्या भागात मेलेली बाई दुसऱ्या भागात जुळी बहीण म्हणून यायची. पहिल्या भागातला पाऊस तिसऱ्यात पुन्हा पडायचा, कारण पावसाचा खर्च एकदाच केलेला! रेनकोटवाला खुनी कधी उंच, कधी बुटका – रेनकोट तेवढा तोच. लोक म्हणतात, असले सिनेमे बघायची लाज वाटली पाहिजे. मला वाटत नाही. अर्ध्या बंगल्यात आणि एका जिन्यावर तीन-तीन सिनेमे उभे करणारे लोक माझ्याच जातकुळीचे होते. मीही चार डब्यांत अख्खी दुनिया रंगवत होतो.

पण मॉर्निंग शोचा एक अलिखित नियम होता. आत कोणी कोणाला ओळखत नाही आणि बाहेर कोणी कोणाला पाहिलेलं नसतं. सख्खे साडू शेजारी बसून सिनेमा बघायचे आणि संध्याकाळी बाजारात भेटले की म्हणायचे, “काय हो, बऱ्याच दिवसांनी!” हा नियम लक्षात ठेवा.

तर ‘हरी खिडकी’चा भाग तीन लागायचा होता. बॅनर सोमवारी चढवायचा, आणि भुसावळच्या वितरकाकडून फोटो-सेटच आला नाही. नुसती चिठ्ठी : नाव, भाग तीन, शुक्रवार. पहिल्या दोन्ही भागांतल्या नायिका मेलेल्या, म्हणजे आता नवी कोण, कोणालाच माहीत नाही. टॉकीजचे मालक शेठजी म्हणाले, “काहीतरी काढ. खिडकी, बाई, सुरा.”

आमच्या धंद्यातली खोड सांगतो. समोर फोटो नसला की हात रोज दिसणारा चेहरा काढतो. मी टॉकीजच्या मागच्या गच्चीवर रंगवत बसायचो, आणि समोर पहिल्या मजल्यावर टायपिंग क्लास होता. क्लास विजूताईंचा. नाना गुरुजींची मुलगी, वय सव्वीस. स्टार्च केलेली साडी, ताठ मान, खिडकी सताड उघडी. लहानपणी उंबरठ्यावर पडून डावी भुवई मधोमध फाटलेली, तिथे केस नव्हते. दोन वर्षं मी त्या खिडकीकडे बघत होतो. खोटं कशाला बोलू, आवडायच्या मला. पण बोलायची माझी काय टाप!

हात चालत गेला. चेहरा पुरा झाल्यावर मला कळलं, आपण कोणाला काढलं. फाटक्या भुवईसकट. आणि खाली, मॉर्निंग शोच्या रिवाजाप्रमाणे, उघडा खांदा. पुसायला हवं होतं. पण इतका जिवंत चेहरा माझ्या हातून त्याआधी उतरला नव्हता... नाही पुसवला. बॅनर चढला.

मंगळवारी साक्रीहून एक पाहुणे उतरले. विजूताईंचा साखरपुडा साक्रीकडच्या एका मुलाशी झालेला, हे त्या मुलाचे मामा. स्टेशनवरून चालत येताना त्यांनी मान वर केली आणि होणारी सून बारा फुटी दिसली.

अर्ध्या तासात मामा आणि नाना गुरुजी टॉकीजच्या ऑफिसात, आणि मलाही बोलावणं. नाना हायस्कुलातून रिटायर झालेले, अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. ते दाराशी उभे होते. ओरडत होते मामा, ठेठ अहिराणीत.

“आमना घरनी व्हणारी सून टॉकीजना भितवर टांगेल शे! बठ्ठा गाव हाशी ऱ्हायना! काय रे, फोटो व्हता का तुनाजोडे?”

इथे मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोललो. “होता. फोटोवरूनच काढलं. सिनेमातली बाईच तशी आहे.”

“कोठे शे फोटो?”

“टर्पेंटाइनमध्ये पडला. फेकून दिला.”

“खोटं निंघनं तं हात तोडसू तुना. आनि सोयरीक मोडनी समज.”

मी म्हणालो, आत्ता चुना मारतो त्याच्यावर. तेव्हा नाना पहिल्यांदा बोलले. “नको. पुसलं तर गाव म्हणेल, खरंच होतं. राहू दे. शुक्रवारी सिनेमा लागेल, आम्ही बघू.”

शेठजींनी चहाचा कप खाली ठेवला. नाना गुरुजी... मॉर्निंग शोला!

बुधवारी विजूताई स्वतः आल्या. भर बाजारात बॅनरखाली उभ्या राहिल्या, वर बघितलं, मग माझ्याकडे.

“पेंटर, फोटोवरून काढलंत?”

“हो.”

“भुवई फोटोत अशीच होती?”

“होती, ताई.”

टाइप केलेल्या कागदातली चूक शोधतात तसं त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “बरं,” म्हणाल्या, “मग मला लपायचं कारण नाही.” आणि गेल्या. तोवर पाच मुलींच्या घरच्यांनी मुली क्लासला पाठवणं बंद केलं होतं. खाली पानाच्या टपरीवर पोरं जमून वर बघत होती. खिडकी मात्र एक दिवस बंद झाली नाही. माझे हात मोडले असते तर मोडले असते, पण एका निर्दोष बाईचं नाव माझ्या रंगाने खराब झालं होतं.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने प्रिंट आली. ऑपरेटर गफूरभाईंच्या हातापाया पडून मी दोन-तीन रिळं उजेडात धरून पाहिली. नायिका गोल चेहऱ्याची, भुवया कोरलेल्या, अखंड. विजूताईंशी काडीचा संबंध नाही. संपलं. पळून जावंसं वाटलं. पण मी पळालो तर ताईंचं नाव कायमचं गेलं. म्हटलं, इंटरव्हलला उभं राहायचं, सगळ्यांसमोर सांगायचं – फोटो नव्हता, चूक माझी, त्यांना काही माहीतही नव्हतं.

साडेअकराला नाना बाल्कनीत पहिल्या रांगेत बसले. धोतर, टोपी, मांडीवर छत्री. शेजारी मामा, मागे मी. खाली नेहमीचे लोक तोंडाला रुमाल बांधून येत होते. कोणीतरी वर पाहिलं आणि “गुरुजी!” म्हणून खुर्चीखालीच सरकला. मग सगळ्या हॉलमध्ये खुसफूस. नाना उठले, कठड्याला हात लावून खणखणीत आवाजात म्हणाले, “बसा, बसा. हजेरी घ्यायला आलेलो नाही.”

मी तशाही स्थितीत हसलो.

सिनेमा सुरू झाला. तोच जिना, तोच पाऊस. गोल चेहऱ्याची बाई अंघोळीला गेली, नानांनी छत्रीच्या मुठीकडे बघितलं. इंटरव्हलला दिवे लागले तसे मामा गर्रकन वळले.

“हाई तं दुसरीच बाई शे! आते काय सांगस, पेंटर?”

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. तेवढ्यात नानांनी हात वर केला. “पूर्ण बघू. अर्धा पेपर तपासून मी कधी कोणाला नापास केलं नाही.”

बेल झाली. अंधार.

दोन रिळं गेली असतील. रेनकोटवाला बंगल्याच्या बागेत येतो, वर बघतो. हिरवी खिडकी उघडते. आणि खिडकीत...

मंडळी, मी चेहऱ्याचा माणूस. नाकाच्या हाडावरून माणूस ओळखतो. खिडकीत विजूताई होत्या. त्यांच्यासारखी दिसणारी नव्हे. फाटकी डावी भुवई, गळ्याच्या खालचा खड्डा, बोलण्याआधी हनुवटी किंचित वर घ्यायची लकब. अंगावर पांढरी, कडक साडी – त्या सिनेमात बाईने इतके कपडे घातल्याचा तो एकमेव प्रसंग असेल. रेनकोटवाला म्हणतो, खिडकी बंद कर. ती सरळ समोर बघते, आमच्याकडे, आणि म्हणते, “मैं क्यों बंद करूँ? शर्म आती हो, तो तू मत देख.”

शिट्टी नाही, खोकला नाही. तीनेकशे पुरुष, आणि हॉलमध्ये फक्त पंख्यांचा आवाज. चार मिनिटं असेल ती पडद्यावर. मग खिडकीतून मागे सरली, सिनेमा पुन्हा गोल चेहऱ्यावर आला.

मामांनी टोपी काढून घाम पुसला. “तीच शे. बॅनरवर हाईच नटी शे, आपली पोर नही. पोरना काही दोष नही, नाना.” नाना चष्मा काढून पुसत होते, बराच वेळ.

संध्याकाळी मामांनी नानांच्या घरी पेढे पाठवले, सोयरीक कायम म्हणून. विजूताईंनी पेढे परत केले. “सिनेमा बघून जे माझी पारख करतात, त्यांच्या घरी मला नांदायचं नाही,” एवढाच निरोप. गाव दोन दिवस तेच बोलत होतं, आणि बहुतेक जण खूष होऊन. क्लासच्या मुली परत आल्या. नंतर ताई परीक्षा देऊन नाशिकला सरकारी नोकरीत लागल्या.

शनिवारी मी पुन्हा शोला बसलो. खिडकी उघडली... गोल चेहरा. अंगावर टॉवेल, संवादही वेगळाच. मी धावत वर केबिनमध्ये गेलो. गफूरभाईंनी कुराणाची शपथ घेतली, “कैंची को हाथ नहीं लगाया, भाई. कल मैंने भी देखा. आज नहीं है.” रविवारी नाही, गुरुवारपर्यंत नाही. पुढे व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणली, त्यातही नाही. शुक्रवारी खाली बसलेल्यांना विचारत फिरलो. पण नियम तुम्हाला सांगितलाच आहे. ज्याला विचारावं तो म्हणे, “मी? मॉर्निंग शोला? काय बोलतो पेंटर!” तीनशे साक्षीदार आणि एकही साक्ष नाही.

दीडेक वर्षाने भाग चार लागला. मी सवयीने बाल्कनीत गेलो. पहिल्या रांगेत एकच माणूस. धोतर, टोपी, मांडीवर छत्री.

मी गुपचूप शेजारी जाऊन बसलो. नानांनी ओळख दाखवली नाही, नियमाप्रमाणे. शेवटच्या रिळात हिरवी खिडकी उघडली तेव्हा ते पुढे वाकले. कोणीतरी तिसरीच नटी होती.

“नाही आली,” नाना म्हणाले.

मला राहवलं नाही. म्हटलं, “गुरुजी, त्या वेळी मी खोटं बोललो. फोटो नव्हता. मी ताईंनाच काढलं होतं.”

“ते मला मंगळवारीच कळलं होतं. सिनेमा संपला की मारायचाच होतो तुला.” ते पडद्याकडेच बघत होते. “ती पडद्यावर आली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं. घरी जाऊन विचारलं. एक ते दोन ती क्लासमध्ये शिकवत होती. सात मुली समोर होत्या, सातही जणींना विचारलं. मग ही कोण?”

“माहीत नाही, गुरुजी.”

“मलाही नाही. पडद्यावर तूच दिसलीस, हे तिला मी सांगितलंच नाही. पण पेंटर, चाळीस वर्षं मी पोरांना मान वर करून बोला, मान वर करून बोला म्हणून ओरडलो. कोणी बोललं नाही. माझी पोर बोलली. एवढ्या मोठ्या पडद्यावर, एवढ्या लोकांसमोर.” मग छत्री सावरून उठत म्हणाले, “भाग पाच येणार आहे का रे?”

तो कधी आला नाही. नाना गेले, टॉकीज पाडलं, गफूरभाईही गेले. विजूताई निवृत्त होऊन नाशिकला असतात, मला ओळखत असतील-नसतील. पडद्यावर कोण आलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. पण ती जी कोणी होती, तिला आधी मी काढलं होतं, आणि नानांनी तिला आपली म्हटलं, याचा मला अभिमान आहे.