विनयावरचं व्याख्यान आणि कुंकवाचं बोट

चहा आधी पिऊन घ्या, कप खाली ठेवा आणि मग ऐका. कारण ही फजिती मी आमच्या साडूंना सांगितली तेव्हा त्यांनी सगळा चहा शर्टावर सांडून घेतला आणि दोष मला दिला.

मी निवृत्त मास्तर. बिदरच्या एका हायस्कुलात जन्मभर मराठी शिकवलं, आता तिथंच मैलूर भागात घर बांधून राहतो. शिकवणं सुटलं, पण बोलणं काही सुटत नाही. ऐकायला पोरं नाहीत, म्हणून बायको ऐकते. ऐकते म्हणजे काय, शेंगा सोलते आणि मधूनमधून ‘हं’ म्हणते.

आमचं एक गुरुवारचं मंडळ आहे. गुलबर्गा, बिदर, अफजलपूर, अशा आपल्या भागातले पंचवीस-तीस म्हातारे-म्हाताऱ्या. आता कुणी मुलाकडं पुण्याला, कुणी मुलीकडं हैदराबादला. एका खोलीत जमणं शक्य नाही, म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी पाचला व्हिडिओवर भेटतो. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. अध्यक्ष शिवलिंगप्पा. गुलबर्ग्यात त्यांचं तुरीचं अडत दुकान आहे. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. मराठी आणि कानडी दोन्ही उत्तम बोलतात, फक्त एकाच वाक्यात बोलतात.

एक दिवस अप्पांचा फोन आला. “मास्तर, पुढच्या गुरुवारी तुमी बोला. विषय असा, की आपल्या हिंदू परंपरेत विनय म्हंजे काय.”

मला आतून असं काही फुगल्यासारखं झालं, की काय सांगू. तरी विषयाला शोभेल असं म्हटलं, “अप्पा, मी कसला बोलणार? माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत की मंडळात.”

“हाईत की,” अप्पा म्हणाले. “पन ते सगळे त्या दिवशी कामात हाईत.”

हे सोडून द्या. मी ठरवलं, एवढा विषय मिळालाय तर मोबाइलवर बोलायचं नाही. मोबाइलवर माझा चेहरा बोराएवढा दिसतो. लॅपटॉप पाहिजे. आणि साधा नको, टचस्क्रीन पाहिजे. बोटानं एकेक पान सरकवत बोलणारा विद्वान कसा दिसतो, ते मी मनातल्या मनात आठ दिवस बघत होतो.

गुलबर्ग्याला जाऊन घेतला. दुकानातल्या बाई चाळिशीच्या, मोठ्या कामसू. त्यांनी मन लावून सांगायला सुरुवात केली, “सर, ह्याच्या पडद्याला बोट लावलं की चालतंय. माऊस नको, काई नको. फक्त एक ध्यानात ठेवा...”

“बाई,” मी म्हटलं, “मी जन्मभर शिकवलंय.”

“व्हय सर, पन बोट तुमचंच पाहिजे असं न्हाई. कुनाचंबी बोट लागलं की...”

“समजलं.”

“टच बंद बी करता येतंय सर, ते दाखवू का?”

“बाई, इतक्या पैशाची वस्तू घेतली ती टच करण्यासाठी, आणि तुम्ही तेच बंद करायला शिकवता?”

बाईंनी पावती दिली. आता वाटतं, त्या बाईंच्या तोंडावर तेव्हा जे हसू होतं, ते गिऱ्हाइकाला देतात ते नव्हतं.

घरी येऊन मी व्याख्यान लिहिलं. देवळाचा दरवाजा ठेंगणा का असतो. पुस्तकाला पाय लागला तर आपण ते कपाळाला का लावतो. कारहुणवीच्या सणाला बैल सजवून शेतकरी त्याच्या पाया का पडतो. थोडक्यात काय, ज्याच्यामुळं आपलं चालतं त्याच्यापुढं वाकणं, हा विनय. लिहिलं चांगलं होतं, हे आजही म्हणतो. बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

गुरुवार उजाडला. ऐनवेळी घोळ नको म्हणून मी दुपारीच लॅपटॉप टेबलावर मांडला, माईक चालू केला, कॅमेरा चालू केला, आणि मंडळाचं पान उघडून ठेवलं. पडद्याच्या मधोमध एक निळं बटण. ते दाबलं की आपण सभेत. मंडळी पावणेपाचपासूनच जमून गप्पा मारतात, पण मी बरोबर पाचला दाबणार होतो. वक्त्यानं आधी येऊन बसलं की किंमत राहत नाही.

पाचला बारा मिनिटं कमी असताना बायको हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आली.

“हे काय?”

“नवी वस्तू हाय. हळद-कुंकू लावल्याबिगर कामाला लावायची न्हाई.”

“अगं, आता वेळ कुठं आहे?”

“तुमीच वाचून दाखवलाव की. ज्याच्यामुळं आपलं चालतंय त्याच्यापुढं वाकावं म्हनून. का ते फकस्त बैलालाच?”

मी कोट घालायला कपाटाच्या आरशासमोर गेलो. लॅपटॉप माझ्या पाठीमागं.

“कुठं लावू?” तिनं विचारलं.

“लाव कुठंही.”

“मधोमध लावते,” ती म्हणाली, आणि कुंकवाचं बोट तिनं बरोबर मधोमध टेकवलं.

मला ह्याचा पत्ता नाही. मी आरशात. आणि आरसा समोर असला की मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

“खरं सांगू का,” मी कोटाचं बटण लावत म्हटलं, “विनयावर बोलावं तर माझ्यासारख्यानंच. आमच्या मंडळात दुसरा आहे कोण?”

“हं,” बायको.

“अप्पाच बघ. अध्यक्ष म्हणे. वाक्य मराठीत सुरू करतो आणि कानडीत संपवतो. मधे काय झालं ते त्यालाही कळत नाही.”

समोरासमोर ‘अप्पा, तुम्ही’, आणि आरशासमोर ‘तो’. ही माझी जुनी सवय.

“अहो, ह्यात मानसं दिसायलीत,” बायको म्हणाली.

“असतात. पडद्यावर कसली कसली चित्रं देतात कंपनीवाले.”

“सगळी म्हातारीच हाईत.”

“असू दे.” मी आता रंगात आलो होतो. हनुवटी छातीला लावली, डोळे अर्धे मिटले आणि अप्पांसारखा डुलायला लागलो. “असा बसतो बघ, तुरीच्या पोत्यासारखा. दुसरा कुणी बोलायला लागला की ह्याची मान खाली. लोकांना वाटतं, चिंतन चाललंय. चिंतन कसलं, झोपतो. आणि ह्याला विनय समजून घ्यायचाय. विनय काय पोत्यात भरून मिळतो का?” असं म्हणून मी हवेतल्या हवेत एक पोतं उचललं आणि काट्यावर आपटलं.

“अहो,” बायको म्हणाली, “त्यातली एक बाई मला नमस्कार करायलीय.”

मी वळलो.

पडद्यावर पंचवीस चौकोन, आणि पंचवीस चौकोनांत आमचं सगळं मंडळ. अफजलपूरच्या कमलाक्का, त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, हात जोडून बसलेल्या. बाकीचे हात न जोडता, तोंड उघडं टाकून बसलेले. मधल्या चौकोनात अप्पा. आणि बायकोच्या बोटाचं कुंकू बरोबर त्यांच्या कपाळावर.

आधी बंद करावं म्हणून मी पडद्यावर बोट मारलं, तर माझाच चेहरा एवढा मोठा झाला की नाकपुड्यांशिवाय काही दिसेना. दुसऱ्या हातानं तो लहान करायला गेलो, तर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून टाळ्यांची चित्रं वर उडायला लागली. नाव कुणाचं? माझं. म्हणजे अध्यक्षांना पोतं म्हणून झाल्यावर मी स्वतःसाठी टाळ्या वाजवत होतो. थांबवायला जितकी बोटं मारावीत, तितक्या टाळ्या वाढत होत्या.

आणि मग अप्पांचा आवाज आला.

“वा मास्तर. काय अभिनय केलात. हात काय, आरशातले डोळे काय, ती मान डोलवनं काय. पोतं उचलल्यालं तर हुबेहूब. अहंकारी मानूस असाच असतोय बघा. विनय सांगायच्या आधी अहंकार दावलात.”

सगळ्या चौकोनांतून एकदम सुटल्यासारखा श्वास बाहेर पडला. पुण्याहून आमचे निवृत्त तलाठी म्हणाले, “आम्हाला तर खरंच वाटलं हो मास्तर.”

आता शहाण्या माणसानं इथं काय करावं? हात जोडावेत, खरं सांगावं, माफी मागावी. मी काय केलं? मी घसा साफ केला आणि म्हणालो, “तेवढा प्रवेश बसवायला मला फार मेहनत पडली.”

माझ्या शेजारी ताट घेऊन उभी असलेली बायको निरागसपणे म्हणाली, “नाटक कशाचं अप्पा, घरी रोज असंच बोलतेत की.”

सगळे पोट धरून हसले. कमलाक्का म्हणाल्या, “वैनींनी बी काम झकास केलं.”

त्यानंतर मी विनयावर पाऊण तास बोललो. काय बोललो ते आठवत नाही. लोकांनी चांगलं म्हटलं.

संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, “एक सांगू? त्या मानसानं तुमची लाज राखली. सगळ्यांसमोर तुमी त्यांना पोतं म्हनलाव, आन त्यांनी त्याचं नाटक करून टाकलं.”

खरंच की. आपला अपमान गिळून समोरच्याची अब्रू झाकायची, तीही असं भासवून की काही झालंच नाही. मी अकरा पानं लिहून जे सांगू शकलो नाही, ते त्या माणसानं दोन वाक्यांत करून दाखवलं होतं. आणि मी वर म्हणालो होतो, मेहनत पडली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. अप्पांसारखा माणूस तुटला तर काय करायचं, ह्या विचारानं हात धुवून उठलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेचीच गुलबर्ग्याची बस धरली. रस्ताभर काय बोलायचं ते घोकत गेलो. ठरवलं, काही लपवायचं नाही. जे बोललो ते सगळं त्यांच्यासमोर कबूल करायचं.

अप्पा नुकतेच दुकान उघडत होते. उंबऱ्याला हात लावून त्यांनी कपाळाला लावला, मग तुरीच्या काट्याला हात जोडले, आणि मग मला बघितलं. “या या मास्तर. सकाळी सकाळी?”

मी वाकून त्यांचे पाय धरले.

“अरे, हे काय करायलाव? उटा, उटा.”

“नाही अप्पा. आधी माझं ऐका. काल मी तुम्हाला पोतं म्हणालो. तुमचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं म्हणालो. मधे काय झालं ते तुम्हाला कळत नाही म्हणालो. दुसरा बोलताना तुम्ही चिंतन करत नाही, झोपता म्हणालो. विनय काय पोत्यात मिळतो का, असं विचारलं. ते नाटक नव्हतं अप्पा. आणि तरी तुम्ही मला सांभाळून घेतलंत.”

अप्पा मान हलवत शांतपणे सगळं ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “असं म्हनलाव व्हय?”

“म्हणजे? तुम्ही ऐकलंतच की.”

“कुटलं ऐकलंय? माझ्या फोनचा आवाजच बंद पडला हुता. सूनबाई आली, तिनं चालू करून दिला, तवर तुमचं संपलं हुतं. मला नुसते हातवारे दिसायलते. म्हनलं, मास्तर अहंकाराचं नाटक दावायलेत, तर तारीफ करावी.”

मी मागं सरकलो आणि तुरीच्या एका पोत्यावर बसलो. म्हणजे जगातल्या ज्या एकाच माणसाला माझं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, त्याला ऐकवायला मी बस करून आलो होतो.

अप्पा आधी गालातल्या गालात हसले, मग पोट हलवून हसले. घर दुकानाच्या मागंच आहे. तिकडं तोंड करून त्यांनी बायकोला हाक मारली, “गौरव्वा, बा इल्ली, लवकर ये. मास्तर माझ्याबद्दल काय म्हनले ते ऐक.”

“अप्पा, नको हो.”

“सांगा की. माझ्या तोंडून नीट यायचं न्हाई. मी मधीच कानडीत जातोय.”

काय करता? हात जोडून, मान खाली घालून मी पुन्हा सगळं सांगितलं. गौरव्वा दारात बसून ऐकत होत्या. झोपेचा भाग आला तेव्हा त्या इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, “मास्तर, घोरतेत ते राहिलं की.”

तेवढ्यात दोन हमाल पोती टाकून काय झालं म्हणून विचारायला आले. अप्पा म्हणाले, “मास्तर, ह्यांना बी ऐकवा.”

तिसऱ्यांदा सांगितलं. आणि खोटं कशाला बोलू, ह्या खेपेला मान डोलवून, डोळे मिटून, पोतं उचलून सांगितलं. हमाल खूश झाले.

निघताना अप्पांनी चहा पाजला आणि तुरीच्या डाळीची पिशवी हातात दिली. मी विचारलं, “अप्पा, राग नाही ना आला?”

“राग कशाचा?” ते म्हणाले. “झोप येतीय मला, खरंच येतीय.”

एवढं सरळ वाक्य मला माझ्याबद्दल आजवर बोलता आलेलं नाही. बसमध्ये तेच मनात घोळत होतं. डोळ्यांत पाणीही आलं थोडं.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच होती. “मागितली का माफी?”

“मागितली.”

“मनापासनं?”

“अगदी मनापासून. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.” मी कोट काढून खुंटीला लावला, आरशासमोर जरा थांबलो आणि म्हटलं, “खरं सांगू का, इतक्या नम्रपणे माफी मागणं सगळ्यांना जमत नाही. ह्यावर एकदा व्याख्यानच द्यावं म्हणतो.”