उन्हाने न मेलेलं झुडूप

निवृत्ती कराडकडचा. पंधरा वर्षं उसाला पाटाचं पाणी पाजलेलं, त्यामुळे १९७८ साली कतारमधल्या दोह्यात माळी म्हणून आला तरी हातातला पाइप सुटेना. त्याच बंगल्यावर मी ड्रायव्हर होतो आणि फरीज बिन ओमरान या वस्तीत आमची खोली एकच.

बंगला सायप्रस बेटावरच्या एका इंजिनिअरचा. १९७४च्या युद्धात बेटाचे दोन तुकडे झाले, त्याच्या आईचं गाव पलीकडच्या बाजूला गेलं, परत जायची सोय उरली नाही. घरामागच्या डोंगरात, चुनखडीच्या फटींत एक झुडूप उगवायचं: राखाडी लवदार पानं, दीपमाळेसारखी पिवळी फुलं. म्हातारी त्याचं मूठभर बी तेवढं घेऊन निघाली होती. "तिकडच्या झुडपांना आता पाणी कोण घालतं?" असं ती रोज हळहळायची. आता ती मुलाकडेच राहायची; आम्ही तिला आजी म्हणायचो.

कुंडीत पाच रोपं आली. निवृत्तीने लेंडीखत घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी पाजलं. महिन्याभरात चार गेली. मुळं कुजलेली पाहून त्याने ती गुपचूप कोपऱ्यात टाकली. नोकरीची भीती होतीच.

"आजीला सांग, ऊन बाधलं," तो मला म्हणाला. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. माझी जीभ काही झडली नाही.

दुसऱ्या दिवशी आजीने पाचव्या रोपावर गोणपाट बांधलं आणि फर्मान काढलं, "याला दिवसातून तीनदा पाणी."

आता आली पंचाईत. निवृत्ती नळापाशी नुसताच उभा राहिला.

"ह्ये बी मरंल," तो म्हणाला. "चल, खरं सांगू."

"हाकलतील तुला."

"हाकलू देत. यल्ला, चल."

त्याने कोपऱ्यातलं एक कुजकं मूळ आजीच्या हातात दिलं. "पानी," म्हणाला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. बाकीचं मी सांगितलं.

आजीने मूळ हुंगलं. मग खुर्चीत बसून रडू लागली. मला माझीच लाज वाटली.

"उन्हाने नाही मेली?" तिने दोनदा विचारलं.

"नाही. पाण्यानेच."

"मग तिकडची जगली असतील," ती म्हणाली. "तिथं पाणी घालायला कुणीच नाही."

पाचवं रोप आम्ही दगडगोट्यांत लावलं. पंधरवड्याला एक तांब्या पाणी, तोही आजीला विचारून. निवृत्ती १९८५ साली गावी परतला, तोवर ते तीनदा फुललं. फुललं की आजी मला विचारायची, "तिकडेही फुललं असेल ना?"

इंग्रजीचा गंध नसलेला निवृत्ती माझ्याआधी उत्तर द्यायचा, "फुललं असंल, आजी."