जयवंताबाईंची चिनी म्हण

सौसरच्या त्या गल्लीतून पोरगी सासरी निघाली, की पाठराखीण म्हणून सोबत जयवंताबाईच जायच्या. नवरीच्या सासरी दोन-तीन दिवस राहायचं, तिच्या उशाशी निजायचं, सासूच्या स्वभावाचा अंदाज घ्यायचा आणि मानाची साडी घेऊन परत यायचं. आल्या की नवरीची आई दारातच विचारायची, "कशी हाय वो पोरगी?"

जयवंताबाई कधी सरळ सांगत नसत. "वेल नवी हाय, मांडव जुना हाय. चढंन हळूहळू." आई डोळे पुसायची आणि समाधानानं चहा ठेवायची.

हे आडून बोलणं त्या मोहगावला, स्वतःच्या सासरी शिकल्या होत्या. तिथं 'भूक लागली' म्हणायची सोय नव्हती. 'चूल माह्याकडं पाहून राहिली' म्हटलं, की सासरा हसायचा आणि भाकर मिळायची. नवरा वारल्यावर त्या सौसरला भावाच्या आसऱ्याला आल्या आणि म्हणींच्या बळावर गल्लीत मानाच्या झाल्या. कोणाची सून रुसली, कोणाची लेक परत आली, की जयवंताबाईंना बोलावणं यायचं. त्या म्हणत, "भांड्याला भांडं लागतेच," आणि लेक मुकाट्यानं पिशवी उचलायची.

शेजारच्या भाऊराव आणि अर्चनाची उर्वशी एम.ए. करत होती. चीनमधले सामाजिक प्रश्न आणि तिकडच्या साहित्यातली रूपकं, असा तिचा विषय. आपल्याकडच्या म्हणींशी ताडून पाहायला ती जयवंताबाईंजवळ येऊन बसायची.

"चीनचं काय करून राहिली वो ही पोट्टी?" अर्चना म्हणायची. "इथं आम्ही पांढुर्ण्याचा पोरगा पाहून राहिलो, अन् हिचं चिनी सुरू!"

जयवंताबाईंना मात्र गोडी लागली होती. तिकडच्या लेखकांना उघड बोलायची चोरी होती, म्हणून ते आडून लिहीत, हे ऐकून त्या खूश झाल्या. "म्हणजे माह्यासारखेच!"

"तुमच्यासारखे कसे, मावशी? ते दुखणं दिसावं म्हणून आडून बोलत. तुम्ही झाकता," उर्वशी म्हणाली. मग तिनं सांगितलं, की तिकडं पूर्वी पोरींच्या पायांची हाडं मोडून पाय घट्ट बांधत आणि त्या पायांना कमळ म्हणत. आणि दिलेल्या लेकीला म्हणत, दाराबाहेर फेकलेलं पाणी.

"फेकलेलं पाणी!" जयवंताबाईंनी मान डोलावली. "काय बोललं बाप्पा! फेकलेलं पाणी कोणी भरून आणते का?"

"मी हे चांगलं म्हणून नाही सांगितलं, मावशी. अन् तुम्ही तर स्वतःच परत आल्या ना?"

"मी विधवा होऊन आली, पोट्टे. ओंजळच फुटली, तर पाणी कुठं तरी जाईनच."

आठवड्याभरात ती म्हण नळावर पोचली, तिथून किराण्याच्या दुकानात. चीनचं नाव वाटेतच गळून पडलं.

उन्हाळ्यात उर्वशीचं लग्न झालं, प्रबंध अर्धा ठेवून. पांढुर्ण्याला जयवंताबाईच सोबत गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी जावई दिलीप आंघोळीला निघाला आणि पाणी द्यायला उशीर झाला म्हणून त्यानं गरम पाण्याची बादली लाथेनं उडवली. पाणी उर्वशीच्या पायावर गेलं. जयवंताबाई चार हातांवर उभ्या होत्या. सासू आतूनच ओरडली, "पाय घसरला वाटते सूनबाईचा!"

पावलाला हळद लावताना उर्वशी हळूच म्हणाली, "मावशी, माझा फोनही त्यांच्याचजवळ असते. घरी जसं पाहिलं तसं सांगजा. म्हण नका लावू."

बसमध्ये त्यांनी मनातल्या मनात वाक्य घोळवलं. त्यानं बादली लाथाडली, पोरीचा पाय भाजला. एवढंच तर होतं. पण पाठराखिणीनं घर फोडलं असं झालं, तर पुन्हा कोण बोलावणार? आणि दारात अर्चना अशी आशेनं उभी होती, की जीभ आपल्या नेहमीच्या वाटेनं गेली.

"रोप नव्या मातीत लावलं, का चार दिस मान टाकतेच."

"मग बरं," अर्चना म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

दिवाळीनंतर उर्वशी एकटीच आली, भर दुपारी, बसनं. कानामागं काळंनिळं होतं. पावलावरची कातडी गुलाबी, चुरगळल्यासारखी. ती बापाला म्हणाली, "मी आता जात नाही."

भाऊरावनं तिच्याकडं न पाहता सांगितलं, "फेकलेलं पाणी कोणी भरून आणते का?"

उर्वशी हसली. ते हसू पाहून अर्चनाला भरून आलं, पण ती चौकट धरून उभीच राहिली.

"कुठून घेतलं हे, बाबा?"

"अख्खी गल्ली म्हणते."

"मावशीला बोलवा. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं हाय."

जयवंताबाई आल्या. उर्वशीचं पाऊल दिसलं आणि पहिल्यांदाच त्यांना एकही म्हण आठवली नाही. "त्यानं बादली लाथाडली," त्या म्हणाल्या. "पोरीचा पाय भाजला. तिसऱ्याच दिवशी. मी पाहिलं."

"तिसऱ्या दिवशी?" भाऊराव उसळला. "तवा तर रोप अन् माती करून राहिल्या होत्या! आता पोट्टी रडून राहिली, तर बादली आठवली? तवाचं खरं मानू, का आताचं?"

"आताचं."

"मग तवाचा चहा कायले पेला?"

अर्चना जयवंताबाईंकडं असं पाहत होती, की ओरडली असती तर बरं.

दुसऱ्या दिवशी भाऊराव म्हणाला, "चाला, तुम्हीच पोचवून द्या तिले."

"मी नाही जात."

"नका जाऊ." तो स्वतःच मोटारसायकलवर पोरीला घेऊन गेला. मागं बसताना उर्वशीची चप्पल त्या पावलातून निसटली, ती अर्चनानं वाकून घालून दिली.

त्या हिवाळ्यातल्या लग्नांना गल्लीनं दुसरी पाठराखीण शोधली. एका सकाळी नळावर अर्चना रिकामा हंडा घेऊन नुसती उभी होती. गल्लीतल्या प्रमिलानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "नको वो मनाले लावून घेऊ. दिलेली पोरगी म्हणजे फेकलेलं पाणी. आपल्या जयवंताबाईच सांगतात ना?"

"माहं नाही ते," रांगेतून जयवंताबाई जोरात म्हणाल्या. "चीनमधलं हाय. वाईट म्हणून सांगितलं होतं पोरीनं."

"कुठलं का असंना, बाई," प्रमिला म्हणाली आणि आपला हंडा नळाखाली सरकवला. "खरं हाय ना."