वाळत्या आणि वाळलेल्या चादरी

इस्पितळाच्या धुलाईखोलीत सव्वीस वर्षं चादरी धुतलेल्या मावशींना मुकादम व्हायचं होतं. त्यासाठी शालान्त परीक्षा लागत होती, आणि मावशी इंग्रजीत दोनदा आपटल्या होत्या. या खेपेला गाडी पार्टिसिपलवर, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या विशेषणांवर अडली. सून भाजी चिरता चिरता शिकवायची.

"आई, सोपं आहे हो. एक चालू असलेलं काम, एक झालेलं काम."

"सोपं आहे तर तुझ्या नवऱ्याला का नाही आलं?"

एका दुपारी सून डबा घेऊन धुलाईखोलीत आली. मावशींच्या शिस्तीप्रमाणे डाव्या दोरीवर वाळत्या चादरी असायच्या आणि उजव्या फळीवर वाळलेल्या. कामावर नव्याने लागलेल्या एका बाईने डावीकडची एक चादर घडी करून फळीवर ठेवली. मावशींनी ती नुसती गालाला लावली.

"अगं बये, ही वाळतेय अजून! वाळलेल्यांत मिसळलीस तर अख्खा गठ्ठा कुबट होईल. आजारी माणसाच्या अंगाखाली जाते ती!"

सून डबा हातात धरून हसायलाच लागली. "आई, हेच तर मी महिनाभर सांगतेय! वाळती म्हणजे ड्रायिंग, वाळलेली म्हणजे ड्राइड."

मावशी थबकल्या. "एवढंच? मग पुस्तकवाल्यांना धाड भरली होती का सरळ सांगायला?"

इंग्रजीत त्यांना एकसष्ट गुण पडले. मुकादम झाल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी नव्या बाईला बोलावलं.

"उद्यापासून जेवणानंतर अर्धा तास माझ्याजवळ बसायचं. वही घेऊन ये."