खिडकीतलं रजिस्टर

मालवणातल्या त्या वीस खाटांच्या इस्पितळात रोझा फर्नांडिस अठ्ठ्याण्णव सालापासून नोंदी ठेवायची. रक्त-लघवीच्या तपासणीचं लांबट रजिस्टर बाहेरच्या खिडकीतच उघडं असायचं. रिपोर्ट न्यायला आलेला माणूस आपलं नाव शोधायचा, समोर सही करायचा आणि जाता जाता वरखालची चार नावं आणि त्यांचे निकाल वाचायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, रोझालाही नाही.

दोन हजार चार साली त्या रजिस्टरात पार्वतीचं नाव आलं. पार्वती मासळी बाजारात बसायची, रोझा तिच्याचकडून बांगडे घ्यायची. नवरा वारल्यावर डॉक्टरांनी तिची एचआयव्हीची तपासणी करून घेतली होती. निकाल पॉझिटिव्ह आला, तसाच तो रोझाने रजिस्टरात नावापुढे लिहून टाकला. आठवड्याभरात पार्वतीच्या टोपलीपुढे कुणी थांबेना. शेजारच्या बायकांनी आपले पाट लांब सरकवले.

एका दुपारी पार्वती खिडकीशी आली.

"रोझा, माजा नाव कोणी सांगल्यान गो?"

"माका म्हायत नाय," रोझा म्हणाली आणि रजिस्टर मिटलं.

पार्वती माघारी गेली. पावसाळ्याआधी ती बांद्याला बहिणीकडे राहायला गेल्याचं कानावर आलं. रोझाला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने रजिस्टर पुन्हा खिडकीत ठेवलं, कारण ते ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

सगळं बदललं ते दोन हजार दहाच्या जानेवारीत. नोंदी कॉम्प्युटरवर गेल्या होत्या आणि कुडाळहून किरण नावाचा नवा व्यवस्थापक आला होता. त्याने सगळ्यांना एका खोलीत बसवलं.

"माहिती तंत्रज्ञान कायद्यात सुधारणा झाली आहे," तो म्हणाला. "पेशंटची माहिती आपल्या निष्काळजीपणामुळे बाहेर गेली, तर संस्थेला भरपाई द्यावी लागेल. यापुढे प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. कोणी कोणती फाईल उघडली, त्याची नोंद राहील. खिडकी बंद, जुनी रजिस्टरं कपाटात आणि किल्ली माझ्याकडे."

मग त्याने एकेक फॉर्म वाटला. यापूर्वी कधी माहिती बाहेर गेली आहे का, असा त्यात रकाना होता. बाकीच्यांनी 'नाही' लिहिलं. रोझाने पार्वतीचं पूर्ण नाव, साल, आजार, सगळं लिहिलं. तिचं अक्षर नेहमीसारखंच नीट आलं.

संध्याकाळी किरणने तिला बोलावलं. "रोझाबाई, हे कायद्याच्या आधीचं आहे. शिवाय कागदावरचं. हा कायदा कॉम्प्युटरसाठी आहे. कशाला उकरून काढता? मी दुसरा फॉर्म करून ठेवतो, सोमवारी सही करा."

रोझा बरं म्हणाली. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ती घरी न जाता एस्टीने बांद्याला गेली.

पार्वती आता काजूच्या कारखान्यात जायची. बियांच्या तेलाने तिची बोटं काळी पडली होती. तिने रोझाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. रोझाने सगळं सांगितलं: रजिस्टर उघडं असायचं, तिथूनच कुणीतरी वाचलं असणार.

"माका म्हायत होता," पार्वती म्हणाली. "सही करताना मीच बगलंय. माज्या नावाच्या खाली आदीच दोन सह्यो होत्यो."

"मगे माका कित्याक इचारलंस?"

"तू सांगतंस काय, ता बगूक."

आत कुठे काही दुखतंय का, हे रोझा चाचपून बघत होती. काहीच लागत नव्हतं.

"आता तसा होवचा नाय," ती म्हणाली. "कायदो इलोसा. सगळा कुलपात. मी तुजा नावपण लिवन दिलंय."

पार्वतीचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. "खंय लिवलंस?"

"हापिसातल्या फॉर्मार."

"कोणी वाचल्यान?"

रोझाने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"हय कोणाक काय म्हायत नाय गो," पार्वती आवाज खाली आणून म्हणाली. "माजा नाव परत खंय लिवू नको. बाकी माका काय नको."

सोमवारी रोझा किरणच्या टेबलाशी गेली. तिचा जुना फॉर्म ट्रेमध्ये सगळ्यांत वर होता, शेजारी चहाचे रिकामे कप. येता-जाता कुणालाही तो वाचता येत होता. तिने तो उचलला आणि नाव दिसणार नाही इतका बारीक फाडला.

"बरं केलंत," किरण म्हणाला आणि नवा फॉर्म पुढे केला. त्या रकान्यात 'नाही' असं टाइप करून ठेवलं होतं.

रोझाने सही केली. तारीख घातली. मग ती जागेवर जाऊन बसली, पासवर्ड टाकला आणि बाहेर थांबलेल्या पहिल्या माणसाला आत बोलावलं.