तिसऱ्या अंकाचा पडदा

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एका तरी टाळीवर विश्वास ठेवला असेल, तर शपथ! महाल भागातल्या आमच्या मोहल्ल्याच्या गणपतीत दरवर्षी या भाऊजींचं नाटक व्हायचं आणि लोक टाळ्या वाजवायचे. "वाजवतीन नाही तं काय! अर्धे तं नटांचे मामेच हायेत," असं म्हणून ते मोकळे होत. माणूस ओळखल्याशिवाय नाटक लिहिता येत नाही, हे त्यांचं ब्रीद. आणि ओळखायचा म्हणजे आधी त्याच्यावर संशय घ्यायचा, ही त्यांची रीत. नवा अंक वाचून दाखवायचा तर चहा बंद. "चहा पेला का माणूस मिंधा होते. मंग काय खरं सांगन?" वाचताना त्यांची नजर कागदावर कमी आणि आमच्या पायांवर जास्त. एकदा मला डास चावला, मी पाय हलवला, तर भाऊजींनी अख्खा प्रवेश फाडला. "तोंड खोटं बोलते गा, पाय नाही बोलत!" त्यांच्या बायकोने नाटक चांगलं म्हटलं, की हिला माहेरी जायचं असणार असं त्यांना वाटे.

त्या वर्षीचं नाटक मात्र त्यांच्या जिव्हाळ्याचं होतं. घर सोडून गेलेल्या मुलाची वाट पाहणारा बाप. निदान एक तरी माणूस आतून हलावा, एवढीच त्यांची इच्छा. ती त्यांनी मला बोलून दाखवली आणि लगेच मी हसतो का ते पाहिलं. प्रयोगाला ते नेहमीप्रमाणे विंगेत, नटांकडे पाठ करून, फटीतून प्रेक्षकांवर डोळा ठेवून उभे. तिसऱ्या अंकात बाप झालेल्या नटाचा घसा बसला. दाराची कडी वाजली, बाप उठला, आणि नेमक्या त्याच वेळी सतरंजीवरच्या लोकांनी मांडीखालच्या चपला उचलल्या.

"पब्लिक उठून राहिली! पाड पडदा!" भाऊजी ओरडले.

पडदा पडला. लोक बिचारे चपला हातात घेऊन नुसते पुढे सरकत होते, नटाचं बोलणं ऐकू यावं म्हणून. हे भाऊजींना कळलं, तोवर मांडव रिकामा झाला होता.

सकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा नेहमीची भाजीवाली आली. आदल्या दिवशी तीही नाटकाला होती. टोपली न उतरवताच तिने विचारलं, "भाऊ, त्या बुढ्याचा पोरगा आला काय मंग घरी?"

भाऊजींनी तिला नीट न्याहाळलं. "काहून विचारून राहिली वं?"

"मले झोपच नाही लागली, म्हणून."

दारातच उभं राहून भाऊजींनी उरलेला प्रवेश करून दाखवला. बापही तेच, पोरगाही तेच. "बरं झालं माय, आला," म्हणत तिने डोळे पुसले आणि भाजी न विकताच गेली.

"खरं बोलली नं गा ते?" भाऊजींनी हळूच विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी ते मानलं.

भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी काही म्हणावं आणि त्यांनी ते मुकाट मानावं, असं त्या एकाच सकाळी घडलं. तेवढ्यासाठीसुद्धा मला त्यांची फार आठवण येते.